शेजारच्या काकांचा तेरडा

इस्लामपुरातले आमचे शेजारी काका निवृत्त फौजी. बनियनलासुद्धा इस्त्री करतात, पण बागेत लावलाय रानातला गुलाबी तेरडा. "ना खत, ना औषध. जवानागत वाढतंय बगा!"

आमच्याकडे तेरड्याची रोपं मुळासकट आणून गौर म्हणून पुजतात. त्या दिवशी सगळी गल्ली काकांच्या फाटकात. ते करवादायचे, "ही माजी बाग हाय का बाजार?"

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी त्यांना रंगेहाथ पकडलं. पिकलेल्या बोंडांना टिचकी मारून ते बिया आमच्या कुंपणात उडवत होते. "गल्ली स्वावलंबी करतोय," म्हणाले.

यंदा घरोघरी तेरडा फुलला. गौरीच्या दिवशी काका सकाळपासून कडक इस्त्रीत फाटकाशी उभे. कुणीच फिरकलं नाही. शेवटी तेच आमच्या बागेत शिरले.

"लय तण माजलंय तुमच्यात. काढून देतो."

गवताला हातही न लावता त्यांनी सगळा तेरडा तेवढा उपटला आणि काखोटीला मारला.

"काका, आता आमच्या गौरीला काय?"

"या की माज्याकडं," ते खुशीत म्हणाले. "पर दोनच रोपं दीन. ही माजी बाग हाय का बाजार?"