त्याच जागी, त्याच टायपात

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला पोरगा म्हणजे कमळाकर. मुंबईला वकिली शिकायला गेला आणि भलत्याच नादाला लागला. वर्तमानपत्रांचे आणि रेडिओचे देशोदेशीचे कायदे! आता ज्या बंदरावर दिवसाला एक पेपर येतो आणि संध्याकाळी त्यात सुकट बांधली जाते, तिथल्या पोराला हे खूळ लागावं कशाला? तर बापापायी लागलं.

बाप गोटीराम तांडेल. नारळी पुनवेला गावाचा नारळ खाडीला द्यायचा मान त्याच्या घराचा. दारूबंदीचे दिवस होते. छप्पन साली मुंबईच्या एका पेपराने छापलं, की दिवाळ्याच्या गोटीराम तांडेलाच्या होडीत चोरटी दारू सापडली. होडी निराळ्याच गावची, माणूसही निराळा. नाव तेवढं एक. पण बंदरावर कुणीतरी ती बातमी मोठ्याने वाचली. झालं, बोभाटा व्हायला काय लागतं?

जमातीची, म्हणजे कोळ्यांच्या पंचायतीची, रीत अशी, की आळ आलेल्याने स्वतः बोलायचं नाही. घरातल्या कुणी उठायचं आणि नारळावर हात ठेवून त्याची ग्वाही द्यायची. गोटीराम पोराला म्हणाला, "आईतवारी जमात बसतं. तू ऊठ न सांग, माजा बाप तसा नाय."

"बाबा, शपथेनं काय व्हतं? पेपरात छापलंय, पेपरातच खोडायला लावतो. तवर गप बसा."

शिकल्या पोराचा शब्द. जमात बसली तेव्हा बाप गप बसला, शेजारी पोरगाही गप बसला. मान दुसऱ्या घरी गेला.

मग कमळाकरने लायब्ररी पालथी घातली. फ्रान्सात म्हणे ज्याच्याविषयी छापलं, त्याचं उत्तर त्याच जागी, त्याच टायपात छापावंच लागतं. खोट्या बातमीचा खुलासा एका देशाने दुसऱ्याकडून मागावा, असा करार युनोतही झाला होता. वाचून त्याचा ऊर भरून यायचा. आपल्याकडे मात्र तसलं काही नाही. संपादक दाद देईना. शेवटी खटला लावला, तर तारखांवर तारखा.

इकडे गोटीरामने बंदर सोडलं. परसात जाळी विणत बसायचा. पोरगा लाँचने घरी आला की एकच विचारायचा, "छापला का रं?"

"छापतील बाबा."

म्हातारा मान हलवायचा आणि पुन्हा जाळ्यात बोटं घालायचा. कमळाकरचा कायद्यावरचा भरवसा मात्र ढळला नाही. साठ साली थंडीतापाने गोटीराम गेला.

पुढे तेराव्याच्या आतच खटला मिटून खुलासा छापून आला. आतल्या पानावर, लिलावाच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. पेपर घेऊन कमळाकर तडक बंदरावर गेला. बायका मासळी निवडत होत्या, जमातीचे पाटील देवजी तिथेच बसले होते. कमळाकरने खणखणीत आवाजात सगळं वाचलं.

 देवजी म्हणाले, "पेपर खोटा हाय, ह्या आमाला तवाच वाटला व्हता. गोटीरामला काय आमी वलखत नवतो? पन त्याचा सक्का पोर बाजूला बसलेला, न नारलाला हात लावला नाय. मंग आमी समजलो, घरच्या मानसाला काय तरी म्हाईत असल."

 बापाच्या मयतीला कमळाकर रडला नव्हता, तो आता सगळ्या बायकांदेखत ओक्साबोक्शी रडायला लागला.