चर्चच्या छतातली सरळ रेघ

"सर, दोष कुणाचा?" पास्टरांनी विचारलं. बाकांवर छताचे तुकडे पडले होते. रविवार नव्हता, म्हणून कुणाला लागलं नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. निवृत्तीनंतर लहानसहान सल्ले देत असे. हे लुथरन चर्च बंगळुरूबाहेर, व्हाइटफील्डच्याही पुढे, एका खेड्यात आहे. घुमट नाही, नक्षी नाही. काँक्रीटचं तिरपं छत दोन्ही बाजूंनी थेट जमिनीपर्यंत उतरलेलं. गावकऱ्यांनीच घमेली वाहून ते उभं केलं. मेस्त्री होते डॅनियलचे वडील. डॅनियल तिथली घंटा वाजवतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास सांगतो.

छताच्या दोन भागांमध्ये एक फट होती. तिला एक्स्पान्शन जॉइंट म्हणतात. उन्हात काँक्रीट फुगतं, त्याला सरकायला जागा लागते. छत पडण्याआधीच्या पावसाळ्यात फटीतलं डांबर जुनं होऊन पाणी गळू लागलं, तेव्हा पास्टरांनी मला बोलावलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमला माझं घर; तिथून के. आर. पुरमच्या ट्रॅफिकमधून जायचं माझ्या जिवावर आलं.

"फोटो पाठवा," मी म्हटलं. फोटोत काळी रेघ दिसली. "क्रॅक आहे. सिमेंटने घट्ट भरा."

उन्हाळ्यात छत तापलं, सरकायला जागा उरली नव्हती, फुटलं.

खाली उभं राहून वर बघताच मला कळलं. तडा इतका सरळ जात नाही; ती मुद्दाम ठेवलेली फट होती. तरी मी पास्टरांना म्हणालो, "मेस्त्रीचं काम कच्चं असणार."

डॅनियल शेजारीच होता. "सरी, सर," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाला.

दाराकडचं अर्धं छत पाडून पत्रे घातले. पुढे पाहुणे आले की डॅनियल घरी निघून जायचा, असं पास्टर बोलता बोलता सांगायचे. माझी झोप उडाली नाही. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

मग पास्टरांचा फोन आला. "उरलेलं छतही पाडावं म्हणतो. मेस्त्री तोच ना?"

या वेळी मी ट्रॅफिकमधून गेलो. पास्टरांना आणि डॅनियलला सगळं सांगितलं. डॅनियल म्हणाला, "इथे सांगून काय, सर? रविवारी सगळ्यांसमोर सांगा. स्वल्प जोरात. अम्माला कमी ऐकू येतं."

रविवारी मी उभा राहून सांगितलं. पहिल्या बाकावरून डॅनियलच्या अम्मांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

डॅनियल ओरडला, "अप्पाचं काम पक्कं होतं म्हणतायत!"

"ते मला ठाऊक आहे. हा कोण?"

उरलेलं छत वाचलं. फोटो बघून सल्ला देऊ नये, हे मीच ज्युनिअर लोकांना शिकवत असे. डॅनियल पुन्हा पाहुण्यांना इतिहास सांगतो. पत्र्यांखाली आला की थांबतो आणि माझं नाव घेतो.