बस खाली!

कारखान्यात तिला सगळे ‘खटपटी’ म्हणायचे. म्हणोत बापडे! पण दोन वर्षांत शिलाईच्या तीन नोकऱ्या सुटल्या, हे काही खोटं नव्हतं. कारण दर वेळी एकच. शेजारणीचं मशीन अडलं की ही स्वतःची कॉलर अर्धवट टाकून ते उघडायला धावायची. शंभर कॉलरी शिवायच्या, तिथं हिच्या साठ. मग सुपरवायझर ओरडायचा, “बस खाली!”

थोरल्या बहिणीनं तर हातच टेकले. “तुझं बूड एका जागी टिकेल तर शपथ! त्या नोकरीचा सल्ला देणाऱ्या बाईंकडे जाऊन ये. तिथंही काही जमलं नाही, तर सोमवारपासून आमच्या गोदामात खोकी चिकटवायची. मुकाट्यानं!”

खोकी! जन्मभर? खटपटीनं तडक बाईंचं ऑफिस गाठलं.

बाईंनी प्रमाणपत्रं बघितलीच नाहीत. “कामावरून काढल्याची पत्रं आणलीत का?” घ्या! लाजत लाजत तिनं तिन्ही पुढं केली. बाईंनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली.

“जागा सोडून दुसऱ्यांची मशिनं उघडली, एकूण तेवीस वेळा. त्यातली सुरू किती झाली?”

“तेवीसच्या तेवीस,” ती पुटपुटली.

“अहो, मग हे मोठ्यानं सांगा की! तुम्ही शिवायला बसताच कशाला? मशीन दुरुस्तीला माणसं हवी आहेत एका कारखान्यात.”

“तिथं बायका नसतात.”

“पहिली कुणीतरी असतेच ना?”

बाईंनी तिथं फोन करून शनिवारची चाचणी ठरवली आणि भागांच्या नावांचं एक जाडजूड पुस्तक तिच्या हातात दिलं. हात तयार होता, नावं तेवढी येत नव्हती. चार दिवस तिनं ती घोकून घोकून बहिणीचं डोकं खाल्लं. चाचणीत टाके सोडणारं मशीन दिलं. बाकीचे उमेदवार सुया बदलत बसले. हिनं चाक हातानं हळूच फिरवलं आणि सांगितलं, “सुई आणि खालच्या हूकचा मेळ चुकलाय, दोरा पकडलाच जात नाही.” वीस मिनिटांत टाका सरळ पडला.

सोमवारी ती दुरुस्तीच्या कामावर हजर झाली. तासाभरात पलीकडच्या टोकाला एक मशीन बंद पडलं. ती सवयीनं उठली आणि तिथला सुपरवायझर दिसताच चटकन खाली बसली. गेली ही नोकरी पण!

सुपरवायझर तिथूनच ओरडला, “अहो, बसलात काय? उठा की!”

पाना घेऊन ती जवळजवळ पळतच सुटली. डोळे भरून आले होते, पण पुसायला वेळ कुणाला होता?