उशाशी ठेवलेला खोन्सू

शाळेच्या सहलीहून लेकीने संग्रहालयातली छोटी निळी मूर्ती आणली. ससाण्याचं डोकं, त्यावर चंद्र. "बाबा, धिस इज खोन्सू. मून गॉड." माझ्या जिभेवर जुन्या तापाची कडू चव आली.

परदेशी, पिस्कॅटवेच्या विद्यापीठात शिकताना मी तापाने पडलो होतो. माझ्याच खोलीत राहणाऱ्या मंदारने अशीच मूर्ती उशाशी ठेवली. "इजिप्तचा चंद्रदेव आहे. आजार पळवायचा म्हणे."

मला लगेच शंका आली. आम्ही बौद्ध, देवापुढे हात जोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. निघताना वडिलांनी एवढंच मागितलं होतं, "शीक, पण कुणापुढे वाकू नकोस." मी अंथरुणाला खिळलोय, हे बघून हा मला वाकवून तर पाहत नाही?

"मी हात जोडणार नाही," मी म्हणालो.

"कोण सांगतंय यार? मूर्तीखाली तुझ्या गोळ्या आहेत. हीटरच्या वाऱ्याने पाकीट सारखं उडतंय."

तरी मी डोळे किलकिले करून त्याच्यावर नजर ठेवली. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. तो माझ्यासाठी मऊ भात ढवळत होता. माझ्या शंकेपेक्षा त्या भाताची वाफ मला आज जास्त जाणवते.

"डू वी प्रे टू हिम?" लेकीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि तिच्या खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट खोन्सूखाली सरकवलं.