माझ्या सुनेला आज रावडी म्हणाले

बायांनो, आज दुपारचं ऐका. सून चाकणच्या कंपनीतनं अर्ध्या शिफ्टला घरी आली.

तिच्या शेजारी काम करणारी पोरगी चक्कर येऊन चालू मशीनवर कलंडली. सून बोंबलली, "आधी मशीन बंद करा!" पोरगी वाचली. सुपरवायझर मात्र हिलाच म्हणाला, "हा रावडीपणा हितं चालणार न्हाई. उद्यापासनं येऊ नको."

"रावडी म्हंजी काय गं?"

"दंगेखोर, आत्या."

"तू? तुला तर मांजर हाकलता येत न्हाई!"

ती हसली न्हाई. "आता बाकीच्या बाया तोंड उघडायच्या न्हाईत," म्हणाली.

माझी नात त्याच लाइनवर हाय, उद्या सकाळी जायचीय. ती कलंडली, तर रावडी व्हायला कोण उठंल?