खालून बांधायची रजई

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या खेपेला पसंत केलेली नाही. याला ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, अपवाद आहे असं ते सांगतात. ताईचं म्हणणं असं की तिला पाहायला ते तीनदा आले होते आणि तिसऱ्या वेळी पोहे संपल्यावरही उठायला तयार नव्हते. अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली. आलेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, खोट काढायची आणि परत पाठवायचा, या कामाचा त्यांना पगार मिळत होता. एरवी ते त्यांनी फुकटही केलं असतं. निवृत्तीनंतर करतातच. नाशिक रोडच्या बाजारातली त्यांची ठरलेली भाजीवाली त्यांना पाहिलं की पिशवी हातात देते आणि म्हणते, "काका, तुम्ही निवडा निवांत, मी चहा पिऊन येते." ती परत येते तेव्हा पिशवीत चार वांगी असतात आणि पाचव्यावर विचार चालू असतो. बूट घ्यायचे तर ते एकाच दुकानात एकाच दिवशी दोनदा जातात, कारण पाय संध्याकाळी थोडा फुगतो. पंखा घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दुकानातले बाकीचे सगळे पंखे बंद करायला लावले. हव्या त्या पंख्याचा आवाज ऐकू येत नव्हता. एप्रिल महिना होता आणि दुकानात इतर गिऱ्हाइकंही होती.

तरुणपणी साडू शनिवारी कारखान्यातल्या मित्रांबरोबर एखाद्या गडावर मुक्कामाला जात आणि रविवारी संध्याकाळी परत येऊन सांगत की रात्रभर गप्पा झाल्या. घरी ते फारसं बोलत नसत. बोलले तर त्या दिवशी किती माल परत पाठवला ते सांगत. ताईनं हे पुष्कळ वर्षं ऐकून घेतलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तिला, तुला काय हवं, असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला एकदा तुमच्याबरोबर उघड्यावर मुक्काम करायचाय. तुम्ही रात्रभर काय बोलता ते मला ऐकायचंय." तिनं दुसरं काही मागितलं नाही.

अडचण एवढीच होती की ताईच्या मणक्याची गादी सरकलेली आहे आणि तिला जमिनीवर झोपता येत नाही. मात्र झोळीत तिची कंबर दुखत नाही, हे तिनं कुणाच्या तरी शेतावर एका दुपारी आडवं होऊन पाहिलं होतं. तेव्हा दोन झाडांना बांधायची झोळी आली. ती निवडायला साडूंना फक्त चार महिने लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की झोळीत थंडी खालून लागते. अंगाखाली रजई घेतली तर ती वजनानं चेपते, तिच्यातली हवा निघून जाते आणि तिचा उपयोग राहत नाही. त्यासाठी वेगळी रजई मिळते. ती झोळीच्या बाहेरून, पोटाखाली दोऱ्यांनी टांगायची असते. फार ताणली तर चेपते आणि फार सैल सोडली तर मधून वारा जातो. म्हणजे मापाची गोष्ट निघाली. साडूंचा चेहरा त्या दिवशी नोकरी परत मिळाल्यासारखा झाला होता.

पहिली रजई पिसांची होती. उबदार, हलकी, मुठीत मावेल अशी. साडूंनी ती बाल्कनीत टांगली, झाडांवर मारायच्या फवाऱ्यानं तिच्यावर दव पाडलं आणि दर तासाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन केलं. ताई त्या काट्यावर पोळ्यांसाठी कणीक मोजत होती. संध्याकाळपर्यंत पिसं दबून गोळा झाली. "आपल्याकडे फेब्रुवारीतही अवकाळी येतो," असं म्हणून साडूंनी ती नापास केली. दुसरी कृत्रिम धाग्यांची होती. भिजली तरी तिचं काही बिघडत नव्हतं, पण ती इतकी जाड होती की संध्याकाळी घाम यायचा आणि पहाटे तोच घाम गार पडायचा. तिच्या चाचणीसाठी त्यांनी आमच्या पार्किंगमधल्या दोन खांबांमध्ये मला टांगलं होतं. पाठीखाली थर्मामीटर होता. त्यांच्या वहीत माझी नोंद "पुरुष, ७८ किलो, सतत तक्रार" अशी आहे. तिसरी रजई गुडघ्यापर्यंतच पुरत होती आणि ताईचे पाय आधी गार पडतात. चौथी मापात होती, फक्त तिची एक शिवण दुसरीपेक्षा किंचित लांब होती. कुरिअरवाला पार्सल देऊन जिन्यातच थांबायला लागला. "काका, आताच बघून सांगा ना," तो म्हणायचा, "उगाच परत चार मजले चढायला लावता."

अशा रीतीनं तीन हिवाळे गेले. आम्ही जेवायला गेलो की ताई विचारायची, "काय हो, माझी रात्र पास झाली का?" साडू म्हणायचे, "घाई केली की चूक होते." ताई म्हणायची, "मी साठीची झाले. यात घाई कुठं दिसली तुम्हाला?"

गेल्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी तिनं स्वतःची पिशवी भरली. "उद्या मी निघतेय. रजई ठरली तर घेऊन या, नाही तर चादर बांधा." साडूंनी त्या रात्री सातवी रजई पास केली. पेठ तालुक्यात त्यांच्या कारखान्यातला एक जुना सहकारी आता भात-नागलीची शेती करतो. त्याच्या घरामागच्या दोन आंब्यांना झोळी बांधायचं ठरलं.

रविवारी दुपारी मला साडूंचा फोन आला. "पाहुणे, पास! साडेदहा तास! बाहेर अकरा अंश, मध्ये थोडा शिडकावाही झाला, पण हिनं एकदाही कूस बदलली नाही." ते स्वतः कुठं झोपले, असं मी विचारलं. ते झोपले नव्हते. झोळीशेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि वारा फिरला की दोऱ्या थोड्या ताणत किंवा सोडत होते. तो सहकारी दोनदा बाहेर येऊन म्हणाला होता, "साहेब, निजा की आता. बाई काय उडून जात नाय."

ताईची बाजू मला दोन दिवसांनी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा कळली. ती वरण वाढत होती. "भाकरी खाल्ली, आठला झोळीत चढले," ती म्हणाली. "म्हटलं, आता बोला. तर हे म्हणाले, एक मिनिट, डोक्याकडची दोरी बघतो. खालून अशी ऊब यायला लागली, की दोरी बघून होईपर्यंत माझा डोळा लागला. उठले तर उजाडलेलं." मी म्हटलं, झोप तर छान झाली. "झोपायला काय, मी घरीही झोपते," ताई म्हणाली. "मी गप्पा मारायला गेले होते." तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं माझ्या भातावर तूप घातलं आणि आत गेली. साडू समोरच बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाढलेल्या ताटात काही खोट सापडली नाही.

आठवड्यानं ते मला म्हणाले, "पाहुणे, चूक माझी आहे. रजई फार चांगली निघाली." मग त्यांनी थोडी थंडी आत येऊ देणारी रजई शोधायला घेतली. तशी कुणी विकत नाही. शेवटी त्यांनी त्या पास झालेल्या रजईच्या शिवणी स्वतःच उसवल्या आणि आतलं भरण चिमूट चिमूट काढायला लागले. पुन्हा पेठला जायचं मात्र जमलं नाही. आधी उन्हाळा, मग पाऊस, आणि दिवाळीत ताईची कंबर पुन्हा धरली. गाडीचा एवढा प्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर घर बंद होतं. शेजारच्या बाईंनी गच्चीकडे बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या दोन खांबांमध्ये झोळी होती, तिच्या खाली ती विरळ केलेली रजई आणि आत ताई. साडू शेजारी पालथ्या बादलीवर बसले होते. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"थंडी वाजते का?" साडूंनी विचारलं.

"अजून नीट कळत नाही," ताई म्हणाली. "दहा मिनिटं थांबू. तोवर सांगा, गडावर तुमचा डबा खरंच माकडांनी नेला होता?"

साडूंनी पायाकडची दोरी सोडून पुन्हा बांधली. "नाही. घरीच विसरला होता. तू पहाटे उठून केलेलास ना, म्हणून सांगायची लाज वाटली."

"मला माहीत होतं. फडताळात मला सापडला होता तो. मग रात्रभर उपाशी?"

"मित्रांनी दिली अर्धी अर्धी भाकरी. आता वाजते का थंडी?"

"कळत नाही हो अजून. पुढं सांगा."

साडू पुढं सांगू लागले. मी आल्या पावली खाली उतरायला वळलो. ताईनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते आणि पाय पोटाशी ओढले होते. थंडी तिला केव्हाचीच वाजत होती.