एलियामामांचं आमंत्रण

सत्तेचाळीस साली मिशनच्या बंगल्यावरचे खानसामा एलियामामा माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागले. त्यांचे साहेब कायमचे मायदेशी निघाले होते. मामांनी त्यांना आयुष्यभर करून वाढलं, पण साहेब मामांच्या घरी कधी जेवले नव्हते. जाण्याआधी एकदा त्यांना बोलवायचं होतं.

"अहो, साहेबांना मराठी येतं की!"

"येतं तर! हुकूम मराठीतच सुटत्यात, ताई. आमंत्रन त्यांच्या भाषेत द्यावं म्हन्तो."

वाक्य पाठ झालं, तेव्हा मी बजावलं, "ते नको म्हणाले, की नकोच. आग्रह करायचा नाही."

"एकदाच इचारायचं? आमच्यात त्याला बोलावनं म्हनत न्हाईत."

"आमच्यातही नाही. पण त्यांची रीत वेगळी."

साहेब नको म्हणाले. मामा मान लववून परतले.

निघताना स्टेशनवर साहेब मराठीत म्हणाले, "एलिया, मला वाटलं, तू आग्रह करशील."

त्यानंतर मामा एकदाच आले. "ताई, रविवारी आमच्याकडं जेवायला या."

"कशाला उगाच त्रास?" मी रीतीप्रमाणे म्हणाले आणि ते पुन्हा विचारतील म्हणून थांबले.

"बरं," म्हणून मामा उठले आणि चपला घालून चालू लागले.